देवाची पक्की प्रत

बाबांचा आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आम्हाला हिंदीत सांगितलं. सगळं आयुष्य भोपाळमध्ये गेलं तरी वाईट बातमी हिंदीत ऐकली की क्षणभर ती शेजारच्यांची वाटते. "अंकल, जान बच जाएगी, आवाज़ नहीं बचेगी," डॉक्टर म्हणाले आणि एका कागदावर गळ्याचं चित्र काढून त्यांनी स्वरयंत्रावर फुली मारली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र पाहिलं. "फुली बाजूला पडली आहे," ते मला मराठीत म्हणाले. "ऑपरेशन तरी जागेवर करा म्हणावं."

पावसाळ्यापासून त्यांचा आवाज बसला होता. ज्येष्ठमध, हळद घातलेलं दूध, गुळण्या, शेजारच्या काकूंच्या होमिओपॅथीच्या गोळ्या, सगळं करून झाल्यावर आम्ही तपासायला गेलो, तोवर गाठ चांगली पसरली होती. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली. गळ्याला एक भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा, जेवण पुढे तोंडानं जमेल, बोलणं संपेल. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं. बाहेर बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी ते लावून आम्हाला 'नमस्ते' म्हणून दाखवलं. गाडी उशिरा येणार असल्याचं स्टेशनवर सांगतात, तसा आवाज आला. बाबांनी त्यांना आदरानं हात जोडले आणि रिक्षात बसल्यावर म्हणाले, "त्यापेक्षा मी लिहीन. लिहायची सवय आहे."

सवय होती हे खरं. राजधानी भोपाळला आली तेव्हा माझे आजोबा नागपूरहून फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले, आणि पुढे बाबांनी त्याच सचिवालयात सगळी नोकरी मसुदे लिहिण्यात काढली. शब्द बाबांचे, सही साहेबांची. मोठ्या लोकांचे शोकसंदेशसुद्धा तेच लिहीत. किती तरी घरांत अजून बाबांचं दुःख दुसऱ्याच्या सहीनं फ्रेममध्ये टांगलेलं असेल. त्यांचा एक नियम होता: पक्की प्रत सहीला गेली की कच्चा मसुदा फाडायचा, त्याच क्षणी. "दोन प्रती राहिल्या की उद्या कुणीतरी चुकीची उचलतो." हा नियम त्यांनी घरातही चालवला. आईनं वर्षानुवर्षं हळदीच्या बोटांनी लिहिलेली पाककृतींची वही त्यांनी एकदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि मूळ वही रद्दीत दिली. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. "अगं, पण आता वाचता तरी येतं ना," असं ते आठवडाभर तिच्या पाठीला सांगत राहिले.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. शाहपुऱ्यातल्या घरात आम्ही दोघंच. घरात एक आवाज त्यांचा आणि एक माझा, त्यातला एक दिवाळीनंतर नसणार होता. मला तो साठवून ठेवायचा होता. एवढंच मला हवं होतं आणि ते मागायची आमच्या घरात रीत नव्हती. आमच्याकडे प्रेमाचे शब्द वापरत नसत. कुणी आजारी पडलं तर 'खाल्लंस का' आणि कुणी गावाला निघालं तर 'तिकीट घेतलंस का'. मला ते आयुष्यभर 'अगं' म्हणत आले. खूश असले की 'बाई'.

तरी एका सकाळी मी फोन त्यांच्यापुढे ठेवला. "बाबा, काहीतरी बोला. रेकॉर्ड करते."

"काय बोलू?"

"काहीही."

"विषय दे."

"विषय कशाला? सहज."

"विषयाशिवाय बोलायचं काम पुढाऱ्यांचं आहे," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रामागे गेले. फोनमध्ये पान उलटल्याचा आवाज तेवढा आला.

मग मला देव उपयोगी पडला.

मी भाषांतरं करते. त्या दिवसांत मुंबईच्या एका स्टुडिओसाठी एका जपानी कार्टून मालिकेचे मराठी संवाद लिहीत होते. कार्टून म्हटलं की तिथली समन्वयक मुलगी दुखावते, अॅनिमे म्हणायचं. गोष्ट अशी: स्वर्गाच्या राजाची एकुलती एक मुलगी पृथ्वीवरच्या एका दिवे विकणाऱ्या तरुणाच्या प्रेमात पडते. बाकी सगळी गोष्ट तिच्या वडिलांची. हा देव नऊ मजली मुकुट घालतो आणि तो प्रत्येक दारात अडकतो. त्याच्या आधी ढोल, मागे झेंडे, मध्ये ढग. राजधानीत राहत असल्यामुळे असल्या स्वाऱ्यांसाठी सिग्नलवर थांबायची मला सवय आहे. पण मुलीनं नुसता उसासा टाकला की या देवाचं सगळं ऐश्वर्य गळून पडतं. तो त्या तरुणाच्या दुकानावर वीज पाडतो, मग मुलगी रडेल म्हणून आधी स्वतःच रडतो, त्याच्या रडण्यानं गावात पूर येतो, आणि मग तो बादली घेऊन दुकानातलं पाणी उपसायला लागतो. दर भागात वेष पालटून मुलीच्या मागे जातो. कधी कोळीण, कधी भिक्षू, एकदा चक्क बैलाचा मागचा अर्धा भाग. मुकुट मात्र काढायचा विसरतो.

"मॅम, डॅडी गॉड अजून क्यूट हवा," मुंबईची मुलगी फोनवर सांगे. "जरा जास्त मेल्ट करा ना त्याला."

डबिंगच्या लेखनात वाक्याचा अर्थ नंतर येतो, आधी तोंडाची उघडझाप. पडद्यावरचं तोंड जितका वेळ हलतं तितकंच वाक्य हवं. म्हणून लिहिलेलं वाक्य चित्रासमोर मोठ्यानं म्हणून बघावं लागतं. हे मी एकटी करत असे. त्या दिवशी बाबांना म्हटलं, "या देवाचं माझ्या आवाजात जमत नाहीये. पुरुषाचा सूर लागतो. तुम्ही म्हणून बघाल का? कामाचं आहे."

कामाचं म्हटल्यावर ते लगेच उठले. "मसुदा आण."

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या दुपारी अशा गेल्या. मागची खोली, खिडक्या बंद, आवाज नको म्हणून पंखाही बंद, ऑक्टोबरचं ऊन भिंतीतून आत येतंय, टेबलावर लॅपटॉप, आणि बनियनमध्ये बसलेले बाबा देवाची वाक्यं म्हणताहेत. माझ्या फोनवरचं रेकॉर्डिंगचं लाल बटण तेच दाबत. त्यांना ते आवडलं होतं. ऐकून झालेलं नको असेल तर पुसायचं कसं, तेही त्यांनी माझ्याकडून दोनदा विचारून घेतलं. मी कौतुकानं शिकवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी वाचलं, "माझ्या काळजाच्या चांदणी, तू जेवलीस का," आणि ते थांबले. "ही मुलगी आहे की सराफाच्या दुकानाची जाहिरात?"

"बाबा, तो देव आहे. देव असंच बोलतो."

"देव कशाला असं बोलेल? त्याला ऑफिस नाही का?" मग थोडं थांबून, "'जेवलीस का' तेवढं ठेव. ते बरोबर आहे."

आवाज घोगरा होता, मध्येच फाटत होता, पण देव सतत रडतच असल्यामुळे चालून जात होतं. वाक्यांमध्ये त्यांचे शेरे चालत. मुकुट दारात अडकला की म्हणत, "सार्वजनिक बांधकाम खात्याचं दार आहे." तो तरुण पडद्यावर आला की विचारत, "याचं उत्पन्न काय?" कधी खोकला, कधी पाण्याचा घोट, कधी "अगं, कुकरच्या चार झाल्या, बघ." एकदा देव बैलाच्या मागच्या अर्ध्यात शिरला तेव्हा ते इतके हसले की वाक्य राहूनच गेलं. मी एकाही वेळी रेकॉर्डिंग बंद केलं नाही. देवाची वाक्यं मला नकोच होती, ती तर मीच लिहिलेली. मला मधली जागा हवी होती. रोज संध्याकाळी फोनमध्ये त्या दिवसाच्या फायली वाढलेल्या दिसल्या की मला श्रीमंत झाल्यासारखं वाटे. ऐकत मात्र नव्हते. ऐकायला नंतर पुष्कळ वेळ होता, तोच तर त्रास होता.

एका भागात मुलगी जत्रेला जाते आणि देव तिच्या मागे जाऊन पकडला जातो. तिथे त्याचं वाक्य होतं, "मी तुझ्या मागे आलो नव्हतो. माझा रस्ता तोच होता." बाबांनी ते म्हटलं आणि कागद खाली ठेवला.

"मीही गेलो होतो," ते म्हणाले. "सांचीला."

मला वाटलं ते वाक्याबद्दलच काही म्हणताहेत.

"तुझी शाळेची सहल होती. आदल्या दिवशी तुला ताप, आणि तू हट्ट करून गेलीस. मी किरकोळ रजा टाकली आणि मागची बस धरली. कुणी ओळखू नये म्हणून माकडटोपी घातली होती." थोडं खोकून ते म्हणाले, "मार्च महिना. सगळी सांची माझ्याकडेच बघत होती."

मी श्वाससुद्धा जपून घेत होते. लाल ठिपका चालू होता.

"तू स्तूपाच्या पायऱ्यांवर बसून संत्रं सोलत होतीस. सोलता येत नव्हतं तुला. मधे यावंसं वाटलं. पण तुझ्या मैत्रिणी होत्या, तुला आवडलं नसतं. मग तुझ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मी शेंगदाणे घेतले आणि परत आलो." त्यांनी कागद उचलला. "चल, पुढचं वाक्य."

मी बोलले असते तर माझा आवाज त्यात मिसळला असता, आणि ते गप्प झाले असते. संत्र्याचं मला आठवत नव्हतं. पण ते आता फोनमध्ये होतं, त्यांच्या आवाजात, खोकल्यासकट. मी ते हवं तितक्या वेळा ऐकणार होते.

दिवाळीच्या थोडं आधी शेवटचा भाग आला. मुलगी देवपण सोडून पृथ्वीवर कायमची निघते. देव पहिल्यांदा मुकुट काढतो, कारण आता त्याला तिच्या मागे जाता येणार नाही. मी लिहिलं होतं, "जा, बाळा. मी दारात उभा आहे. मागे वळून बघू नकोस. बघितलंस तर मी येईन." मुंबईच्या मुलीचं म्हणणं पडलं की हे जास्त सॅड होतंय, एक शिंक घाला. मी शिंक घातली.

या वेळचं रेकॉर्डिंग पक्की प्रत म्हणून घ्यायचं, असं बाबांनी ठरवलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, कुकर आधी उतरवून ठेवायला लावला, आणि आजवरच्या सगळ्या भागांतली देवाची मुख्य वाक्यं ओळीनं, एका बैठकीत, न चुकता म्हटली. 'बाळा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो पडद्याकडे बघून म्हटला. शिंकसुद्धा बरोबर जागेवर आली.

"झालं," ते म्हणाले. "आता सहीला पाठव."

स्टुडिओला आवाज नको होता, नुसते लिहिलेले संवाद हवे होते. ते मी पाठवले. हे त्यांना सांगितलं नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बिट्टन मार्केटचा भाजीबाजार होता. पुढचे काही दिवस दवाखान्यात जाणार म्हणून मी सकाळीच भाजी आणायला गेले. फोन चार्जिंगला लावून ठेवला होता. परत आले तेव्हा बाबांनी आपलं कपाट आवरलं होतं, चपला पुसल्या होत्या, गॅसचं कार्ड टेबलावर ठेवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ऑफिसातलं टेबल असंच आवरलं असणार. "तुझं कामही लावून दिलंय," ते म्हणाले. मला वाटलं, इस्त्रीचे कपडे.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेताना मी त्यांचा चष्मा हातात घेतला. "खाल्लंस का?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हटलं. खाल्लं नव्हतं. आत जायच्या आधीचं त्यांचं बोलणं एवढंच.

दार बंद झालं. बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून मी कानात इअरफोन घातले. सांचीपासून सुरुवात करायची असं ठरवलेलं होतं. फोन उघडला. तिथे एकच फाइल होती. तिला त्यांनी नावही दिलं होतं: 'देव – पक्की प्रत'.

मला आधी वाटलं, चुकीच्या जागी बघते आहे. मग मी सगळीकडे बघितलं. फोनला कचऱ्याची टोपली असते, पुसलेलं काही दिवस तिथे राहतं. तीही रिकामी होती. अर्धवट काम बाबांनी कधी केलं नाही.

नंतर जवाहर चौकातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदारानं फोन कुठल्याशा यंत्राला जोडला, बराच वेळ खटपट केली. "मॅडम, कुछ ज़रूरी था क्या?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "खाँसी थी।" खोकला होता. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि पैसे घेतले नाहीत.

दवाखान्यात बाबांना लिहायला मी मुलांची एक पाटी आणून दिली होती. त्यावर काठीनं लिहायचं आणि एक बटण दाबलं की सगळं एका झटक्यात पुसलं जातं. त्यांना ते बटण फार आवडलं. गळ्यात नळी, नाकात नळी, आणि हात मोकळा झाल्याबरोबर त्यांनी पहिलं लिहिलं ते, "शेजारी घोरतो." बटण. दुसरं, "फोन बघितलास?" आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मी आईच्या वहीच्या वेळचा तोच आनंद बघितला, नीट उतरवून काढल्याचा. त्यांनी मला भेट दिली होती. सगळी घाण काढून, फक्त चांगलं ते ठेवून.

"बघितलं," मी म्हटलं. "छान केलंत."

घरी आल्यावर काही दिवसांनी मी म्हटलं, "बाबा, ते सांचीचं मला लिहून द्या ना. सहलीचं. तुम्ही सांगितलं होतंत ते." ते पाटी घेऊन बराच वेळ बसले. मी स्वयंपाकघरात गेले, मुद्दाम, त्यांना सुचावं म्हणून. मग ताटलीवर चमच्याचा आवाज आला; मला बोलवायला ते आता चमचा वाजवतात. 'अगं'च्या जागी दोन ठोके. मी गेले. पाटीवर सुवाच्य अक्षरात होतं: "एक दिवसाची रजा घेऊन सांचीला गेलो. सर्व ठीक होते. परत आलो."

मी वाचल्याची खात्री करून त्यांनी बटण दाबलं.

मालिका थंडीत सुरू झाली. आम्ही दोघांनी शेवटचा भाग बघितला. देवाला मुंबईच्या कुणा भारदस्त कलाकाराचा आवाज होता, रेडिओवर बँकेच्या योजना सांगतात तसा गोड. 'बाळा' त्यानं अशा सुरात म्हटलं की शेजारच्या घरातही मुलगी सासरी निघाल्यासारखं वाटावं. बाबा मान हलवत राहिले. मग त्यांनी माझ्या फोनकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या कानाकडे.

मी त्यांना इअरफोन लावून दिले आणि पक्की प्रत सुरू केली. ती मी तोपर्यंत अनेकदा ऐकली होती. तिच्यात कुकर नाही, पाण्याचा घोट नाही, 'याचं उत्पन्न काय' नाही. तिच्यात माझे वडील मी लिहिलेली वाक्यं एका जपानी मुलीला म्हणतात. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या सहीसाठी शब्द लिहिले, आणि मागे जे राहिलं त्यात आवाज त्यांचा आहे, शब्द माझे. ती ऐकून मला रडू येत नाही. चांगल्या नटाचं काम ऐकल्यासारखं वाटतं.

बाबांनी डोळे मिटून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. ओठ हलत होते, प्रत्येक वाक्याबरोबर, अगदी चित्रातल्या तोंडाइतकेच. गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती. शिंकेच्या जागी ते थोडे हसले. हसण्याचाही आता आवाज नसतो, खांदे हलतात. मग त्यांनी इअरफोन काढले, पाटी ओढून घेतली आणि लिहिलं:

"शेवटच्या वाक्यात घाई झाली. उद्या दुपारी परत घेऊ."

पाटी त्यांनी माझ्यापुढे धरली. मी वाचलं आणि वर बघितलं नाही. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि घरात बोलणारी मी एकटीच होते.

मी काही म्हणायच्या आधी त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी पाटी आपल्याकडे वळवली, स्वतःचं अक्षर एकदा वाचलं, आणि बटण दाबलं.